जॉर्ज फॉर्मबीला मते होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनच्या जुन्या विनोदवीरांवरचा लेख वाचला. मराठीत या मंडळींविषयी लिहिताना चॅप्लिनच्या पुढे सहसा कोणी जात नाही, म्हणून लेखाचे स्वागत. मात्र जॉर्ज फॉर्मबीवरच्या परिच्छेदातली तीन विधाने तशीच राहू देता येत नाहीत. तो ‘गिरणी कामगाराचा मुलगा’ होता, ‘छोटी गिटार’ वाजवायचा आणि ‘मते असण्याच्या भानगडीत पडला नाही’, असे लेखक म्हणतात. पहिली दोन विधाने चुकीची आहेत. तिसरे अन्यायाचे आहे.

फॉर्मबीचा जन्म 26 मे 1904 रोजी लँकेशायरमधल्या विगन या कोळशाच्या गावी झाला. वडील गिरणीत नव्हते, रंगभूमीवर होते. त्यांचे खरे नाव जेम्स बूथ. बालपण भीषण दारिद्र्यात गेलेला हा माणूस पुढे ‘जॉर्ज फॉर्मबी’ या नावाने म्युझिक हॉलचा, म्हणजे गाणी-विनोदांच्या रंगमंचीय खेळांचा, मोठा नट झाला. फुप्फुसे क्षयाने पोखरलेली असताना प्रयोगात खोकल्याची उबळ आली की तिच्यावरच विनोद करून हशा वसूल करायचा, असा त्यांचा खाक्या होता. मुलगा मात्र या धंद्यात येऊ नये म्हणून त्यांनी त्याला सातव्या वर्षी यॉर्कशायरच्या घोड्यांच्या तबेल्यात जॉकी व्हायला धाडले. शाळा तिथेच संपली. लिहिणे-वाचणे जन्मभर जेमतेमच राहिले. दहाव्या वर्षी तो शर्यतीत उतरला तेव्हा त्याचे वजन सुमारे पंचवीस किलो होते. म्हणजे घरात पैसा होता, पण पोराच्या वाट्याला बालमजुरी आली. त्याला कामगारवर्गाचा म्हणायचे ते या अर्थाने, आणि लँकेशायरची बोली त्याने पडद्यावर कधी सोडली नाही म्हणून.

1921 मध्ये वडील गेल्यावर काही आठवड्यांतच तो त्यांचीच गाणी, त्यांचेच विनोद घेऊन उभा राहिला आणि सपशेल पडला. 1924 मध्ये बेरिल इंगम या क्लॉग नर्तिकेशी, म्हणजे लाकडी तळाच्या बुटांवर ठेका धरणाऱ्या कलावतीशी, त्याचे लग्न झाले आणि चित्र बदलले. वडिलांचे ढगळ कपडे गेले, कडक इस्त्रीचा सूट आला. करार, तारखा, पैसा सगळे बेरिलच्या हातात गेले. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ब्रिटनमधला सर्वाधिक गल्ला जमवणारा चित्रपट-नट होता.

आता वाद्य. ती गिटार नव्हे, बँजोलेले. मान युकुलेलेची, म्हणजे हवाई बेटांतल्या छोट्या तंतुवाद्याची, चार तारांची. पोट बँजोचे, म्हणजे गोल चौकटीवर ताणलेले चामडे. आवाज कोरडा, टणत्कार असलेला, आणि माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. ढोलकीवाल्यांना यातली अडचण लगेच कळेल. हवा दमट झाली की चामडे उतरते, घोडी, म्हणजे तारांखालचा टेकू, खाली बसते आणि तारा मानेला लागून खरखरू लागतात. मग कडेचे हुक समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूने आवळले किंवा ओल्या हवेत फार ताणून ठेवले, तर कोरड्या हवेत किंवा दिव्यांच्या उष्णतेत चामडे फाटते.

त्याला नोटेशन वाचता येत नसे. कॉर्डच्या बोटांच्या ठरलेल्या ठेवणी तेवढ्या येत. म्हणून तो वेगवेगळ्या सुरांत लावलेली अनेक वाद्ये बाळगायचा. गाण्याची पट्टी बदलली की वाद्य बदलायचे, बोटे तीच. आपल्याकडे स्केल चेंजर पेटीवाला पट्ट्या सरकवतो, तसाच प्रकार. याला कोणी फसवणूक म्हणेल, पण त्याचा उजवा हात पाहिल्यावर म्हणणार नाही. त्याची ‘स्प्लिट स्ट्रोक’ नावाची खुबी अशी: तर्जनीच्या नखाने चारही तारांवर खाली फटका, परतताना फक्त पहिली तार, पुन्हा खाली येताना फक्त चौथी. अशा तीन-तीन फटक्यांचे दोन गट आणि उरलेले दोन, म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा 3-3-2 अशा फोडायच्या. शिकणारे चुकतात ते परतीच्या फटक्यात. नख खोल गेले की दोन-तीन तारा एकदम वाजतात, गट कानाला वेगळे लागत नाहीत आणि नुसता खडखडाट उरतो. हालचाल मनगटातून हवी. कोपर हलले की लय बसत नाही.

वाद्याचे इतके सांगण्याचे कारण, त्याची मते याच वाद्याच्या पाठीवरून फिरली. खिडक्या पुसणाऱ्याला आतले काय काय दिसते, ते सांगणाऱ्या 1936 च्या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली होती. द्वयर्थीपणाचा हा धागा धरून तुमचे लेखक दादा कोंडक्यांची आठवण काढतात, तेवढी तुलना योग्य. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मनोरंजनासाठी नेमलेल्या ‘एन्सा’ संस्थेतर्फे तो उत्तर आफ्रिका, इटली, माल्टा असा फिरला. 1944 मध्ये ब्रिटिश सेनापती माँटगोमरीच्या निमंत्रणावरून नॉर्मंडीत गेला तेव्हा लष्करी लॉरी आणि शेतातल्या गाड्या हेच त्याचे रंगमंच होते. एके ठिकाणी आघाडी इतकी जवळ की जमाव करणे धोक्याचे, तेव्हा तो सरपटत खंदकात शिरला. पियानोवाल्याला हे जमले नसते. 1945 मध्ये ब्रह्मदेश, हिंदुस्थान आणि सिलोनचा दौराही त्याने केला; लेखात त्याचा उल्लेख हवा होता.

याच काळात रविवार पाळण्याचा आग्रह धरणाऱ्या एका धार्मिक संस्थेने जुन्या कायद्याच्या आधारे रविवारचे प्रयोग बंद पाडायची मोहीम काढली. साठेक नामवंत कलावंतांनी रविवारी काम करणे टाळले. फॉर्मबीने जाहीर निवेदन दिले. त्याचा आशय असा: आपली पोरे रविवारी लढायची आणि मरायची थांबतील तेव्हा मीही रविवारी वाद्य खुंटीला टांगीन, या मंडळींनी स्वतःपुरते पाहावे, युद्धाला त्यांची मदत ती काय? भाषा याहून तिखट होती. मोहिमेतली हवा गेली. ‘मते नसलेल्या’ माणसाने हे केले म्हणायचे!

1946 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला. वर्णभेद अजून राज्याचे अधिकृत धोरण व्हायचा होता, पण गोऱ्यांपुरती प्रेक्षागृहे होतीच. तिथे वाजवायला त्याने नकार दिला आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे कार्यक्रम केले. एका कार्यक्रमात लहान मुलीने बेरिलला चॉकलेटचा डबा दिला, फॉर्मबीने मुलीला जवळ घेतले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. चरित्रकार सांगतात की त्यावर नॅशनल पार्टीचा नेता डॅनियल मलान याने फोनवरून तक्रार केली आणि बेरिलने त्याला छापण्याजोग्या नसलेल्या शब्दांत वाटेला लावले. हाच मलान 1948 मध्ये पंतप्रधान झाला. दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक देवाणघेवाण थांबवा, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सांगितले ते 1968 मध्ये.

त्याला संत ठरवायचा आमचा हेतू नाही. 1932 पासून त्याला नाव मिळवून देणारे ‘मिस्टर वू’ हे पात्र म्हणजे चिनी धोब्याची टिंगल होती, आणि त्या पात्रावरची गाणी त्याने पुढेही चालूच ठेवली. गोऱ्यांपुरते सभागृह नाकारणारा आणि मिस्टर वूवर हशा मिळवणारा माणूस एकच. लेखात या दोन्ही गोष्टी आल्या असत्या तर चित्र पुरे झाले असते.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राखालीही ‘गिटारसह’ असे छापले आहे. त्याच छायाचित्रात गोल चामडे आणि कडेने लावलेले हुक स्पष्ट दिसतात. दुरुस्ती छापाल तेव्हा ओळही बदलावी.

आपले,
जुन्या ध्वनिमुद्रिकांचे दोन संग्राहक, पुणे