बाटली किती वाजता भरली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाण्याच्या तपासणीच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात नेमाने येतात. 'नदीचे पाणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा', 'खाडीतील प्रदूषणाने मर्यादा ओलांडली' असे मथळे असतात आणि खाली एखादा आकडा. मी २२ वर्षे पाण्याचे नमुने घेते आणि तपासते. अशी बातमी वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, नमुना किती वाजता घेतला? त्याचे उत्तर बातमीत कधी नसते. हा प्रश्न किरकोळ वाटण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तलावात रातोरात मासे मेले. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, कडक ऊन होते आणि पाणी हिरवेगार. विरघळलेला ऑक्सिजन मोजला तो लिटरला ११ मिलिग्रॅम. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण सव्वाआठ मिलिग्रॅमच मावतो, म्हणजे हे पाणी ऑक्सिजनने तुडुंब होते. 'ऑक्सिजन पुरेसा' असा अहवाल गेला. सही माझी नव्हती, पण आकडा माझा होता. मग विष कोणी टाकले याची कुजबुज सुरू झाली आणि माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. तिथल्या एका वयस्क मच्छीमाराने मला बाजूला घेऊन सांगितले, "मॅडम, मासे पहाटे वर येऊन आ वासतात. तुम्ही उन्हं वर आल्यावर येता."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी त्याच जागी बाटली भरली. ऑक्सिजन मोजायची जी जुनी पद्धत आहे ती हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये शोधली आणि आजही तिच्यावरूनच यंत्रे पडताळून घेतात. बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट घालायचे, मग अल्कलीयुक्त आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर गंजाच्या रंगाचा साका बसतो. त्या पहाटे टॉर्चच्या उजेडात मी बाटली धरून बसले होते आणि साका पांढराच राहिला. ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. विष कोणीही टाकले नव्हते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर माजलेले शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडत होते, आणि रात्री तेच शेवाळ इतर जिवांबरोबर तो संपवत होते. एकाच पाण्याचे हे दोन आकडे. दोन्ही अचूक होते, पण वेळ न सांगता छापला तर त्यांतला पहिला माणसांची दिशाभूल करणारा होता, आणि तोच छापून आला.

खाडीत वेळेला भरती-ओहोटीचीही जोड द्यावी लागते. भर ओहोटीला नदीच्या वरच्या अंगाचे पाणी बाटलीत येते, भर भरतीला समुद्राचे. पुष्कळ ठिकाणी खारे पाणी जड म्हणून तळाशी सरकते आणि गोडे वर तरंगते. एकाच होडीतून हात बुडवून भरलेली बाटली आणि तळाजवळून ओढलेली बाटली ही दोन वेगवेगळी पाणी असतात. 'खाडीचे पाणी' असा एकच आकडा छापला की मला कळत नाही, यांतले कोणते?

मर्यादा ओलांडल्याचा आकडाही कधी फसवा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे माप. ते डायक्रोमेट हे रसायन वापरून काढतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि डायक्रोमेट त्यालाही खातो. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण खारटपणा फार असला तर ते पुरे पडत नाही आणि घाण नसतानाही आकडा फुगतो. धातूंचे तर विचारूच नका. समुद्रातल्या शिशाचे १९७० च्या दशकापर्यंतचे बहुतेक आकडे नंतर टाकून द्यावे लागले, कारण बाटलीतून, जहाजातून, प्रयोगशाळेच्या हवेतून नमुन्यात शिरलेले शिसेच मोजले जात होते. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने ते दाखवून दिले. तेव्हापासून शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली जागेवर नेऊन, तिथे उघडून, पुन्हा प्रयोगशाळेत आणून, बाहेरून काही शिरले का ते तपासायची शिस्त मानतात. कुणी विचारत नाही म्हणून घाईत सर्वांत आधी वगळली जाते ती हीच बाटली.

आता माझा सर्वांत मोठा आक्षेप. अहवालात 'आढळले नाही' असे असते आणि बातमीत त्याचे 'नाही' होते. 'आढळले नाही' याचा अर्थ एवढाच की आमच्या यंत्राला जितके खालपर्यंत दिसते तितक्यात दिसले नाही. कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांपैकी एकात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळ्यांमधले कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम मिसळले. प्रमाण होते लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. नर माशांमध्ये मादीची लक्षणे उतरली आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा त्या सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. ज्या प्रयोगशाळेला लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅमपासून पुढेच दिसते, तिने त्या पाण्यावर 'आढळले नाही' असाच शेरा मारला असता. तो शेरा खोटा ठरला नसता, आणि मासे मात्र मरतच राहिले असते.

शिवाय जे शोधायला यादीत नाही ते सापडतच नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर अंडी घालायला ओढ्यांत चढणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की तडफडून मरत. वर्षानुवर्षे नेहमीच्या तपासण्यांत काही निघेना. २०२० मध्ये कारण उघड झाले. टायरच्या रबरात ते टिकावे म्हणून घालतात त्या ६पीपीडी या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन क्विनोन प्रकारचे एक संयुग बनते, आणि ते रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरत होते. कुठल्याच ठरलेल्या यादीत त्याचे नाव नव्हते. संशोधकांनी नुसत्या यादीवर न थांबता नमुन्यातले जे जे काही दिसते ते वेगळे करत नेले आणि त्यातला कोणता भाग माशांना मारतो हे पाहिले, म्हणून ते हाती लागले.

पाणी वाहून जाते, पण त्यातली बरीच घाण गाळात राहते. शिंपले आणि कालवे हे कवचातले जीव दिवसभर पाणी गाळत बसतात आणि त्यातले बरेच काही अंगात साठवतात. म्हणून १९७० च्या दशकात सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी किनाऱ्यांची राखण शिंपल्यांकडून करून घ्यायची कल्पना मांडली, आणि अमेरिकेत १९८६ पासून ती नेमाने राबवली जाते. जपानमधल्या मिनामाताचा पाराही असाच गाळातून, माशांतून माणसांत पोचला. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची आणि कारखान्याच्या सांडपाण्यावर सरकारने बोट ठेवले ते १९६८ मध्ये. जर्मनीत १९८५ पासून मासे, शिंपले असे नमुने द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत उणे १५० अंशांच्याही खाली गोठवून ठेवले जातात, आज ज्याचे नाव माहीत नाही ते उद्या त्यांत शोधता यावे म्हणून. मला या कामाचे फार अप्रूप आहे. आपली पुढची पिढी आपल्याला काय विचारेल याचा इतका विचार करून कुणी बाटल्या जपते, हे वाचूनच उभारी येते.

आपल्याला विनंती एवढीच की पाण्याचा आकडा छापताना त्याच्या शेजारी तारीख आणि वेळ, खाडी असेल तर भरतीची स्थिती, नमुना वरचा की तळाचा, आणि 'आढळले नाही' असेल तिथे किती प्रमाणापर्यंत शोधले, हे एका ओळीत द्यावे. चार-पाच शब्दांची जागा लागेल. प्रयोगशाळेच्या मूळ अहवालात हे सगळे असते, नसेल तर ते नसणे हीच बातमी आहे. आपल्या बातमीदारांनी तो पूर्ण अहवाल मागावा, नुसते शेवटचे पान घेऊ नये. आणि आमच्यासारख्यांना दिवसभरातून एकच नमुना घ्यायची मुभा असेल, तर तो पहाटेचा घ्या असा आग्रह वाचकांनी धरावा. ऑफिसची वेळ दहाची असते, गाडी दहानंतर मिळते, म्हणून जगभरात कितीतरी पाणी ऊन चढल्यावरच तपासले जाते.

तो तलावाचा अहवाल पुढे दुरुस्त झाला, पण ते छापून आले नाही. त्या मच्छीमाराला मी दुरुस्त प्रत नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून पाचची वेळ आणि तिच्यासमोरचा आकडा मी बोट ठेवून दाखवला.

आपली विश्वासू,
पाण्याचे नमुने तपासणारी एक वाचक