प्रबंधाऐवजी छापील पुस्तक मागा

महोदय,

पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले की लिहिणाऱ्या मुलांपुढे कोकणात दोनच वाटा दिसतात. एक एम. ए. मराठीची, दुसरी मुंबई गाठून उपयोजित कलेची. पहिलीत कादंबरीची समीक्षा शिकवतात, पण हस्तलिखिताची मुद्रणप्रत (छपाईला द्यायची पक्की प्रत) कशी करायची ते नाही. दुसरीत मुखपृष्ठ उत्तम होते, मात्र आतल्या दीडशे पानांत जोडाक्षरे फुटली तर ती निस्तरायची कोणी, हे कोणाच्याच अभ्यासक्रमात नसते. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात लेखन, प्रकाशन आणि अक्षररचना यांचा दोन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू करावा आणि पदवीसाठी प्रत्येकाकडून स्वतः लिहून, जुळवून, बांधून घेतलेले पुस्तक मागावे, अशी आमची सूचना आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालते. तिथे प्रबंध म्हणून सर्जनशील हस्तलिखित स्वीकारतात. बाल्टिमोर विद्यापीठ त्याच्या एक पाऊल पुढे आहे. तिथल्या लेखन-प्रकाशनाच्या पदवीला विद्यार्थी आपल्या पुस्तकाची मांडणीही स्वतः करतो. आपल्याला हा दुसरा नमुना सोयीचा.

पहिल्या सत्रात श्री-लिपी या जुन्या फाँटप्रणालीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणायला द्यावा. यात हमखास होणारी चूक म्हणजे ‘दऱ्या’चा ‘दर्या’. कोकणावरच्या पुस्तकात घळी आणि समुद्र दोन्ही पानोपानी येणार, तेव्हा ही चूक हसण्यावारी नेता येत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकतर ऱ ला हलन्त जोडून, नाहीतर र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक वापरून. रूपांतरात तो जोडक गळला की उरतो रफार. शिवाय दोन्ही प्रकार दिसायला सारखे आणि संगणकाच्या लेखी वेगळे, त्यामुळे ‘शोधा आणि बदला’ चालवले तरी काही शब्द निसटतात. दोन्ही प्रकार वेगवेगळे शोधून सगळीकडे एकच ठेवणे, हा त्यावरचा उपाय.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) लावला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. भाषा ‘मराठी’ निवडली नाही तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. ओळींतले अंतर हाही असाच मामला. सॉफ्टवेअर आपोआप १२० टक्के धरते, ते रोमन लिपीला पुरते. देवनागरीत १२ पॉइंटच्या अक्षराला १७-१८ पॉइंट अंतर हवे, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. १८३२ साली ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी स्तंभ शेजारी-शेजारी लावले जात, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. दोन लिप्या एका पानावर नांदवण्याचा प्रश्न इथल्या मुलांना परका वाटायला नको.

संपादनाबद्दल एकच सांगतो. संवाद मालवणीत असतील तर पहिल्या दहा पानांतच शैलीपत्रक करावे: ‘खय’ की ‘खंय’, अनुस्वार द्यायचा तर कुठे. नंतर ठरवू म्हटले की ते शेवटच्या प्रुफापर्यंत ठरत नाही.

आता कागद. डेमी आकाराचे (साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापतात. मजकूर १६५ पानांचा झाला तर अकरावा फॉर्म लावावा लागतो आणि त्यातली अकरा पाने कोरी जातात. पाच पाने आटोपशीर करणे, हा लेखकाचाच स्वाध्याय समजावा. १६० पाने म्हणजे ८० कागद. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या पांढऱ्या कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मिलिमीटर धरला तर कणा सुमारे ७ मिलिमीटर येतो. मात्र कागदागणिक जाडी बदलते, म्हणून छापखान्यातून कोरा डमी बांधून घ्यावा आणि कणा मोजूनच मुखपृष्ठाची फाइल पक्की करावी.

प्रकाशनाच्या कायद्याला एक सत्र पुरे. लेखकाने करारात मुदत लिहून घेतली नाही तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते (कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९). आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यंत्रणा मोफत देते. त्याचे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. छापील पुस्तकाला आणि ई-बुकला क्रमांक वेगळा लागतो. प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे, आणि नेमके हेच बहुतेक हौशी प्रकाशक विसरतात.

शिकवणार कोण, हा आक्षेप येईलच. नेट झालेला जुळारी कुठून आणणार? पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे. तिला पदवीची अट नाही, क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक (क्रेडिट) तर ठेवायचेच आहेत. श्रेयांकाला तीस याप्रमाणे ते १२० तास चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या छापखान्यांत द्यावेत.

वेळापत्रकाला मात्र विद्यापीठाने हात घालायला हवा. प्रत्येकी पन्नास प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटा परवडत नाहीत, म्हणून छपाई डिजिटल होणार, आणि पावसाळ्यात ओलावलेल्या कागदावर टोनर नीट बसत नाही, कागद यंत्रात अडकतो. मुखपृष्ठाला लॅमिनेशन एकाच बाजूने असते. आतली उघडी बाजू दमट हवा शोषून फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळते. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर ठेवला आणि नुसत्या गोंदाऐवजी जुजबंदी (फॉर्म दोऱ्याने शिवणे) केली तर पुस्तक बरेच तगते, पण सावंतवाडीतल्या जुलैपुढे त्यालाही मर्यादा आहेत. तेव्हा चौथ्या सत्राची मुद्रणप्रत जानेवारीअखेर, छपाई फेब्रुवारीत आणि बांधणी मार्चमध्ये उरकावी. मृग लागेपर्यंत प्रती परीक्षकांकडे पोचलेल्या असाव्यात.

— मुद्रण आणि अक्षरजुळणीच्या व्यवसायातील काही वाचक, रत्नागिरी