तुझ्या नाकाबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवतेय," आणि मी नुसतं "बघू" म्हणून विषय बदलला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

तू जेमतेम महिन्याची होतीस. मालिशवाल्या मावशी रोज तेलाचं बोट तुझ्या नाकावरून ओढायच्या आणि शेंडा चिमटीत धरून दाबायच्या. "आत्ताच वर आलं तर आलं," म्हणायच्या. तू रडून लालबुंद व्हायचीस. मी शेजारी दुपटं धरून बसलेली असायचे. थांबवलं नाही. नाकाला त्यानं काय वळण लागणार होतं! पण हिच्या नाकाचं काहीतरी करायला हवं, हे घरात सगळ्यांच्या मनात बसलं. पुढे एका लग्नात तुझ्याकडे बघून कुणीतरी "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" म्हणालं. नऊ वर्षांची तू, पानातली जिलेबी तशीच टाकून उठलीस. तेव्हाही मी गप्पच.

"हे मी माझ्यासाठी करतेय," असं तू म्हणतेस. ते मला खोटं वाटत नाही. पण लहानपणापासून ऐकलेलं दुसऱ्याचं बोलणं आपलंच मत कधी होऊन बसतं, ते कळत नाही. मीही वीस वर्षं गोरं होण्याचं क्रीम लावलं, स्वतःसाठीच म्हणून.

त्यात तो सेल्फी. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडलं होतं: फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरला, तर पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. तू रोज बघून कष्टी होतेस ते नाक समोरच्याला तसं दिसतच नाही गं.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. नाक नव्यानं घडवणं आपल्याकडे जुनंच आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचं, टिपूच्या कैदेत कापलेलं नाक आपल्या पुण्यातल्याच एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून पुन्हा उभं केलं होतं. 1794 मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं.

भीती वेगळीच आहे. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा मनाचा आजार असला, की दुसऱ्याच्या लक्षातही न येणारा दोष माणसाला तासन् तास छळतो. ऑपरेशन उत्तम झालं तरी बहुतेकदा समाधान होत नाही. नाकावरची काळजी हनुवटीवर जाऊन बसते. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही. पण दिवाळीत फराळाला माणसं आली, की तू आतल्या खोलीत जायचीस. आरशासमोरून हलायची नाहीस. ते मी पाहिलंय. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी एकदा मानसोपचारतज्ज्ञांशी बोल.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. दोन्हीकडे तुझ्याबरोबर येईन. ऑपरेशनच ठरलं, तर पट्टी निघेपर्यंत तिथेच राहीन. आणि आता तुझ्या नाकावरून कुणी काही बोललं, तर मी गप्प बसणार नाही.

तुझी,
आई