पतसंस्थांच्या संगणकांना आणि मोबाईलना वाली कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभांत लाभांश आणि थकबाकी यांवर घसा कोरडा होईपर्यंत बोलले जाते. पण शाखाशाखांतले संगणक आणि पिग्मी एजंटांच्या हातातले मोबाईल नेमके कोणाच्या ताब्यात आहेत, हे विचारणारा सभासद माझ्या तरी पाहण्यात नाही. लातूर जिल्ह्यात संगणक देखभालीचे काम करत असल्याने याविषयी चार शब्द लिहीत आहे. पुढे ज्या प्रणालीचा उल्लेख येईल तशी कोणतीही प्रणाली मी विकत नाही, हेही आधीच नमूद करतो.

संगणक घेतला की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. खरेदीची तारीख, किंमत आणि घसारा लिहून तो टेबल, पंखा व लोखंडी कपाट यांच्या रांगेत जाऊन बसतो. त्यावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे, शेवटचे अपडेट कधी झाले, पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नसतो. मुख्य कार्यालय लातूरला, शाखा औसा, निलंगा, उदगीरला आणि प्रत्येक संगणक तिथल्या लिपिकाच्या मर्जीवर, असा कारभार सर्रास दिसतो. एका शाखेत मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला पासवर्ड वाचला की दुसऱ्या शाखेत तो विचारावाही लागत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी तीच यंत्रे चालू आहेत. मे २०१७ मध्ये जगभर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजच्या ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते वेळेत टाकले नाही, ते सापडले.

मोबाईलची स्थिती याहून बिकट आहे. मोंढ्यातून आणि बाजारपेठेतून रोजची वसुली करणारा एजंट बहुधा स्वतःचाच फोन वापरतो. खातेदाराच्या आधार कार्डाचा फोटो त्याच्या गॅलरीत मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडून असतो आणि तिथून तो व्हॉट्सॲपवर शाखेच्या ग्रुपमध्ये जातो. एजंटाने काम सोडले की पावतीपुस्तक हिशेबाने परत घेतले जाते, फोन मात्र सगळ्या मजकुरासह घरी जातो.

यावर उपाय आहे आणि तो केवळ मोठ्या कंपन्यांपुरता नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारख्या प्रणालीत संस्थेचे सर्व संगणक आणि मोबाईल एकदा नोंदवले की मुख्य कार्यालयातल्या एकाच पडद्यावर कोणते यंत्र अपडेट आहे, कोणाची डिस्क कुलूपबंद नाही, कोणत्या फोनला पिन नाही, हे दिसते. अटी न पाळणाऱ्या यंत्राला ईमेल आणि तिच्याशी जोडलेली सॉफ्टवेअर उघडू न देण्याचीही सोय असते. अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये कामाची ॲप्स छोट्या ब्रीफकेसच्या खुणेने वेगळी राहतात. एजंट गेला तर तेवढाच भाग पुसला जातो, त्याच्या घरच्या फोटोंना हात लागत नाही आणि ते संस्थेला दिसतही नाहीत. ही हमी एजंटाला लेखी द्यावी, नाहीतर आपल्यावर पाळत बसवली या समजुतीने तो नोंदणीच टाळेल, आणि त्याची शंका अवाजवी म्हणता येणार नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हरवलेला फोन पुसण्याचा आदेश तो फोन इंटरनेटवर आल्यावरच लागू होतो. रेंज नसलेल्या शिवारात पडलेल्या किंवा सिम काढून ठेवलेल्या फोनला आदेश पोहोचत नाही, तोवर पिन आणि कूटबद्ध साठवण (कुलूप उघडल्याशिवाय वाचता न येणारा मजकूर) हाच आधार. म्हणून ती तयारी आधीची हवी. नवे संगणक घेताना चार पैसे वाचवायला विंडोजची होम आवृत्ती घेतली जाते, तिच्यावर अशा प्रणालीचे बरेच नियम चालत नाहीत. शिवाय सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात आल्या की जुडगेच जपावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. तेव्हा कोणतेही अपडेट आधी एका शाखेत टाकून पाहावे आणि मगच बाकीच्यांना द्यावे. प्रणालीची मुख्य किल्ली चेअरमनच्या पुतण्याकडे असू नये. दोन जबाबदार कर्मचाऱ्यांकडे स्वतंत्र खाती असावीत आणि दोन्ही खात्यांना पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी सक्तीची असावी.

नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्याने ती चौकट त्यांना लागू नाही. पण २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत. सहकार खात्याने वैधानिक लेखापरीक्षणात संगणक व मोबाईलच्या अद्ययावत यादीची तपासणी सक्तीची करावी. तोपर्यंत सभासदांनी यंदाच्या सभेत ही यादी लेखी मागावी आणि संचालक मंडळाचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

आपला,
एक वाचक, लातूर