भुऱ्याला घेऊन अंजर्ल्याला जा

बेंगळुरू, ३ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहिते आहे. २४ तारखेपासून चार रात्री कोकणात अंजर्ल्याला घर घेतलंय. तुमच्या दोघांसाठी आणि आपल्या भुऱ्या कुत्र्यासाठी. पैसे भरून झालेत.

आई, लगेच "कशाला खर्च" म्हणू नकोस. गेल्या अकरा वर्षांत तुम्ही दोघं मिळून कुठे गेलात, आठवून बघ. मावशीकडे तू एकटी, नाशिकच्या लग्नाला बाबा एकटे. एकाने भुऱ्याजवळ थांबायचं, हे ठरलेलंच. एकदा त्याला बाहेर ठेवायला दिलं, तर त्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि तुम्ही महाबळेश्वरहून अर्ध्यातून परत आलात. पार्किंगमधून त्याला उचलून आणलं मी, "सगळं मी करीन" म्हणाले मी, आणि दोन वर्षांत तुमच्यावर सोपवून इकडे आले. तुम्ही एका शब्दाने कधी बोलला नाहीत. ते जास्त लागतं.

घराच्या मालकीणबाईंशी तीनदा बोलले. कुत्रा घरातच झोपतो, बाहेर बांधणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे दोन आहेत, तेवढे दिवस त्यांना मागच्या वाडीत ठेवू." पायऱ्या दोनच आहेत. कमोड आहे, पलंग उंच आहे, पडवीत झोपाळा आहे. बाबांना सहाला बिनसाखरेचा चहा मिळेल. जेवण घरचंच, घावणे, बिरडं, सोलकढी. मीठ बेताचं घालायला सांगितलंय. बाबा, पापड-लोणचं मात्र तुम्हीच नको म्हणा.

मला येता येत नाही. मार्चअखेरचं काम आत्तापासून मानेवर बसलंय. एप्रिलमध्ये नक्की येते. पण तुम्ही तोवर थांबू नका. एप्रिलमध्ये तिथला उकाडा भुऱ्याला सोसणार नाही.

मुरुडची आठवण आहे ना? लाट आली की बाबा म्हणायचे, "मार उडी!" आणि माझं मनगट घट्ट धरायचे. एकदा माझी चप्पल वाहून गेली तर आईने स्वतःची मला दिली आणि तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत आली. तेव्हा मला वाटलं होतं, आईच्या पायांना चटके बसतच नाहीत.

आता नीट ऐका. ताम्हिणीचा घाट लागायच्या आधी तीन-चार तास भुऱ्याला खायला देऊ नका, नाहीतर वळणांवर ओकेल. माणगावला थांबून पाणी द्या. किनाऱ्यावर ओहोटीला जा, तेव्हा वाळू घट्ट असते. त्याच्या मागच्या पायांना आणि बाबांच्या गुडघ्याला तीच बरी. पिण्याचं पाणी बरोबर ठेवा, खारं पाणी प्यायला तर पोट बिघडेल. किनाऱ्यावर पडलेल्या मेलेल्या माशांना तोंड लावू देऊ नका. घरी आल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुवा आणि कानामागे गोचीड बघा.

आणि पट्टा सोडायचा नाही, किनारा कितीही मोकळा दिसला तरी. या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभरेक अंडी असतात. ती उचलून जाळीच्या कुंपणात ठेवतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. कुत्रे वाळू उकरून अंडी खातात, हा तिथला जुना त्रास आहे. ज्याने आईच्या कुंड्या सोडल्या नाहीत, तो वाळू काय सोडणार! पिल्लं सोडताना बघायला मिळाली तर बघाच, पण भुऱ्याला लांब ठेवून.

गाडी आपल्या नेहमीच्या दादांचीच आहे, भुऱ्या त्यांना ओळखतो. कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. बाबा, खालच्या पायऱ्यांच्या वाटेने जायचा हट्ट करू नका. दादा भुऱ्याजवळ थांबतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आधी एक, मग दुसरा, असं आता करू नका. दर्शनाला दोघं बरोबर जा.

तुमची,
चिमी