रविवारी 'एल एस्पिरितु दे ला कोल्मेना'

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या हॉलमध्ये, व्हिक्तोर एरिसे यांचा १९७३ सालचा हा स्पॅनिश चित्रपट (नावाचा अर्थ 'मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा') दाखवणार आहोत. कथा १९४० च्या, स्पेनमधल्या कास्तिय्या भागातली. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं आहे. गावात सिनेमाची गाडी येते आणि माणसं घरून खुर्च्या उचलून 'फ्रँकेनस्टाइन' बघायला जातात. पडद्याकडे बघणाऱ्या छोट्या बालकलाकार आना तोरेंतचा चेहरा नीट बघा, तो चुकवू नका. चित्रपट आला तेव्हा स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती. जे उघड बोलता येत नव्हतं, ते इथे मधाळ उजेडातून आणि शांततेतून पोचतं. म्हणूनच हा मोबाइलवर बघण्याचा सिनेमा नाही.

• ५ नंतर दार बंद होईल. सुरुवातच महत्त्वाची आहे, १० मिनिटं आधी या.
• सबटायटल्स इंग्रजीत आहेत. वाचायला त्रास होत असेल तर पुढच्या दोन रांगा तुमच्यासाठी राखीव आहेत.
• मोबाइल पूर्ण बंद ठेवा, सायलेंटवर नको.
• नंतर तासभर चर्चा. चहा आहेच.

चर्चेला येताना प्रत्येकाने एका स्पॅनिश भाषेतल्या चित्रपटाची शिफारस आणावी: नाव, दिग्दर्शक, साल आणि तो का बघावा हे दोन वाक्यांत. शेवट सांगू नका. स्पेनचे दिग्दर्शक आल्मोदोव्हार सगळ्यांनाच आवडतात, पण यावेळी अर्जेंटिना, चिली, मेक्सिकोकडेही वळा. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल यांच्याबद्दल कुणी बोललं तर मला फार आनंद होईल.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजून मागवायच्या आहेत.

– कार्यवाह