दुहेरीलाही जागा द्या

महोदय,

रोहन बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक टेनिसला रामराम ठोकला. माझ्या तिशीतल्या मुलाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘तो अजून खेळत होता?’ दोष त्याचा नाही. क्रीडा पानावर दुहेरीचा निकाल शोधायला भिंग लागतं.

कूर्गचा हा खेळाडू २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीसह अमेरिकन ओपनची अंतिम फेरी हरला. पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम मिळालं ते थेट जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियात, मॅथ्यू एब्डनसोबत. तेव्हा वय ४३, आणि त्याच वयात जागतिक क्रमवारीत पहिला! गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना त्याला अय्यंगार योगाने सावरलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. ही पद्धत आपल्या पुण्यातली. माझेही गुडघे त्याच आसनांवर चालतात, त्यामुळे थोडा पक्षपात समजून घ्यावा.

२०२२ मध्ये बालेवाडीत रामकुमार रामनाथनसह त्याने महाराष्ट्र ओपन जिंकली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. २०२३ नंतर बालेवाडीची ती स्पर्धा हाँगकाँगला गेली. आता ऋतुजासारख्यांचे निकाल कळायला वर्तमानपत्राशिवाय आम्हा ज्येष्ठांना दुसरा मार्ग नाही. आयपीएलच्या लिलावाला दोन पानं देता, त्यातल्या चार ओळी सोमवारी दुहेरीला द्याल का?

– एक निवृत्त बँक कर्मचारी, औंध, पुणे